शेरेबही आणि नवोपक्रम : सोलापूर जिल्ह्यातील शाळांचा एक दुर्लक्षित इतिहास

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थापकांचा, कायद्यांचा किंवा पाठ्यक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणती संस्था कोणी काढली, सक्तीचा कायदा केव्हा आला, पाठ्यपुस्तके कितीदा बदलली, हे सारे नोंदलेले सापडते. परंतु वर्गात काही निराळे करून पाहू इच्छिणारा शिक्षक आणि त्याच्या लगेच वरच्या पायरीवर बसलेला माणूस, मग तो मुख्याध्यापक असो, जुन्या काळचा डेप्युटी असो की अलीकडचा केंद्रप्रमुख असो, या दोघांमधील व्यवहार कसकसा बदलत गेला याची सलग हकीकत क्वचितच वाचायला मिळते. सोलापूर जिल्हा या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे. एकीकडे १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून वाढत गेलेले आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवणारे कामगारांचे शहर, तर दुसरीकडे पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या एक-दोन शिक्षकी शाळा, असे या जिल्ह्याचे दुहेरी रूप आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा या जिल्ह्यातील शाळांकडे जगाचे लक्ष गेले. पण अशा शिक्षकाला वरून काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून या जिल्ह्यात उभा होता.

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाले आणि त्याबरोबर शाळातपासणीची उतरंड उभी राहिली. वर संचालक, त्याखाली विभागाचा एज्युकेशनल इन्स्पेक्टर आणि जिल्ह्यात प्रत्यक्ष गावोगाव हिंडणारा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, ज्याला ग्रामीण बोलीत पुढे 'दिपोटी' म्हणू लागले. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आण्याची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. या लोकल फंडातून खेड्यांतील शाळा वाढल्या, पण त्या तपासणाऱ्यांची संख्या त्या मानाने वाढली नाही. वर्षातून एकदा दिपोटी यायचा, मुलांना रांगेत उभे करून इयत्तावार परीक्षा घ्यायचा, किती उतरले आणि किती राहिले ते लिहायचा आणि शेरेबहीत आपला अभिप्राय टिपून पुढच्या गावी निघायचा. शेरेबही म्हणजे तपासणी करणाऱ्या प्रत्येकाने शाळेविषयीचे मत नोंदवण्यासाठी ठेवलेली कायमची वही. मास्तरच्या नोकरीवर त्या वहीचा परिणाम होत असल्याने ती कुलपात ठेवली जाई.

या तपासणीविषयी त्या काळी सर्वांत रोखठोक बोलले ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदाच होणाऱ्या भेटीचा उपयोग फारच थोडा असल्याचे सांगितले, शाळांची तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी आणि काही भेटी आगाऊ सूचना न देता व्हाव्यात अशी मागणी केली. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे काही धडे असा गावच्या मुलाला उपयोगी पडेल असा अभ्यासक्रमही त्यांनी सुचवला. फुल्यांचा रोख मुख्यतः तपासणीच्या तुटपुंजेपणावर होता. ती वारंवार झाली असती तर तिचे स्वरूप बदलले असते की मास्तरची धास्तीच वाढली असती, हे सांगणे अवघड आहे. पण वरिष्ठाने शाळेत पुन्हापुन्हा येत राहणे ही पहिली अट आहे, ही त्यांची दृष्टी आजही जुनी वाटत नाही.

धास्तीचे मूळ मात्र दुसऱ्याच एका व्यवस्थेत होते. परीक्षेत किती मुले उतरली त्या हिशेबाने खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात रूढ झाली होती आणि तिला 'निकालावर अनुदान' असे म्हटले जाई. सरकारी व लोकल फंडाच्या शाळांतही मास्तरच्या कर्तबगारीचा मुख्य पुरावा दिपोटीच्या परीक्षेचा निकाल हाच होता. अशा स्थितीत एखाद्या मास्तरने घोकंपट्टी थोडी बाजूला ठेवून मुलांना शेतात नेऊन मोजमाप शिकवायचे ठरवले, तर त्याचा धोका त्याने एकट्यानेच पत्करायचा होता. फायदा झाला तर तो दिपोटीच्या तक्त्यात कुठल्याही रकान्यात बसत नव्हता. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४ च्या शैक्षणिक ठरावात निकालावर अनुदानाची पद्धत टाकून दिली. कागदावरून ती गेली, तरी शेरेबहीतील भाषेतून ती जायला पुढची कित्येक दशके लागली.

सोलापूर शहरात मात्र याच सुमारास एक वेगळा प्रयोग चालू होता आणि तो सरकारी उतरंडीच्या बाहेर होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होते. मुलींसाठीची वोरोनोको शाळा त्यातूनच उभी राहिली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर अनाथ मुलांची संख्या वाढली आणि त्यांतील अगदी लहान मुलांना कसे शिकवायचे हा प्रश्न समोर आला. मेरी हार्डिंग या मिशनरी शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापुरात बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, चालवले आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करण्याचे प्रशिक्षण वर्गही चालवले. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत मूल अक्षरओळखीआधी चेंडू, ठोकळे, काड्या अशा ठरावीक साधनांशी खेळते, गाणी म्हणते, बागेत काम करते आणि त्यातून आकार, संख्या व क्रम यांची ओळख करून घेते. पाटी-पेन्सिलीवर वाढलेल्या शाळेला ही पद्धत उलटीच वाटली असणार.

या प्रयोगाचे विशेष लक्षात घेण्याजोगे अंग त्याची रचना आहे. ज्या बाईच्या हाती बालोद्यान होते तिच्याच हाती शिक्षिकांचे प्रशिक्षणही होते. शिकाऊ शिक्षिकेने काही नवे करून पाहिले आणि ते फसले, तर तिला विचारणारी व्यक्ती त्याच अंगणात होती आणि ती स्वतः मुलांबरोबर बसणारी होती. पर्यवेक्षण, म्हणजे शिक्षकाच्या कामावर देखरेख ठेवून त्याला मार्गदर्शन करणे, आणि अध्यापन या दोन गोष्टी येथे वेगळ्या पडलेल्या नव्हत्या. अर्थात या प्रयोगामागे मिशनचा पैसा आणि धर्मप्रसाराचा हेतू होता, ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. लोकल बोर्डाच्या शाळांत त्याचे लोण पोहोचले नाही, कारण तेथे असे एकत्र काम करणारे कोणी नव्हतेच. बालशिक्षणाची मराठी परंपरा पुढे निराळ्या वाटेने, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या १९२६ च्या नूतन बाल शिक्षण संघातून, आणि नंतर अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी व कोसबाड येथे घडली. तेथेही ताराबाईंसारखी व्यक्ती प्रमुख आणि शिक्षिका अशा दोन्ही भूमिकांत होती, हा योगायोग मानता येणार नाही.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या स्कूल बोर्डांकडे गेला, १९४७ च्या कायद्याने त्यात फेरबदल झाले आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण शाळा त्यांच्याकडे आल्या. शहरात १९६४ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शिक्षकाचा मालक अशा रीतीने तीनदा बदलला. प्रत्येक बदलात बदल्या, वेतन आणि हजेरी हे विषय नव्या मालकाच्या हाती गेले, वर्गातील शिकवण्याचा विषय मात्र कोणाच्याच हाती ठामपणे गेला नाही.

मधल्या काळात नई तालीम, म्हणजे १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली उद्योगकेंद्री मूलोद्योग शिक्षणाची योजना, मुंबई सरकारने स्वीकारली आणि टकळीवर सूत काढणे शाळेत आले. ज्या सोलापुरात घरोघरी माग चालत होते आणि ज्या पद्मशाली वस्तीतील मुले धाग्याची भाषा पाळण्यापासून ऐकत होती, त्या शहरात तरी ही कल्पना सहज रुजायला हवी होती. विणकामाच्या हिशेबातून गणित आणि कापसाच्या प्रवासातून भूगोल शिकवण्याची संधी येथे आयती होती. मात्र योजना वरून ठरलेली, साहित्य वरून आलेले आणि तपासणीही किती सूत निघाले याचीच, अशा पद्धतीने राज्यभर चाललेल्या या प्रयोगात शिक्षकाला स्वतःची कल्पकता चालवायला जागा उरली नाही. मूलोद्योग शिक्षण का मागे पडले याची राजकीय व सामाजिक कारणे पुष्कळ आहेत. पण शिक्षकाने आपल्या गावापुरता त्यात बदल करावा, अशी परवानगी देणारा मुख्याध्यापक त्या योजनेत कल्पिलेलाच नव्हता, हेही एक कारण मानावे लागते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकाच्या मोकळिकीच्या या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले आणि ग्रामीण शाळांचा जवळून अनुभव असलेले. शिक्षण खाते आपल्या ताठर नियमांनी शिक्षकांच्या प्रयोगशीलतेला पायबंद घालते, प्रशासन आणि पर्यवेक्षण ही दोन कामे वेगळी असावीत, चांगल्या शाळेला मोकळीक आणि दुबळ्या शाळेला आधार मिळावा, अशी त्या अहवालाची भूमिका होती. त्यातूनच शाळासमूहाची कल्पना पुढे आली. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांनी साधने, ग्रंथालय आणि अनुभव एकमेकांना द्यावेत आणि समूहाच्या आत शिक्षकांना आपसांत प्रयोग करता यावेत, असा तिचा आशय होता. पुण्यात १९६४ मध्ये राज्य शिक्षण संस्था स्थापन झाली, तिचेच रूपांतर पुढे महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. अध्यापक महाविद्यालयांना जोडलेल्या विस्तार सेवा विभागांतून माध्यमिक शिक्षकांच्या चर्चासत्रांना आणि कृतिसंशोधनाला चालना मिळाली. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील एखादी अडचण निवडून, उपाय करून, त्याचा परिणाम नोंदून काढलेला निष्कर्ष. पुढे शिक्षकांसाठी राज्यस्तरावर नवोपक्रम स्पर्धाही भरू लागल्या आणि 'नवोपक्रम' हा शब्द शाळांच्या बोलण्यात रुळला. प्रचलित रिवाजापेक्षा वेगळा, विशिष्ट अडचणीसाठी योजलेला आणि नोंदी ठेवून केलेला उपक्रम असा त्याचा अर्थ घेतला जातो. स्पर्धांनी एक चांगले केले. शिक्षकाला लिहायला लावले. त्यांचा तोटा असा झाला, की उपक्रम वर्गासाठी करावा की अहवालासाठी, हा संभ्रम उत्पन्न झाला आणि आकर्षक मुखपृष्ठाच्या फायली तयार करण्याचे एक वेगळेच कौशल्य वाढीस लागले.

शाळासमूहाची कल्पना प्रत्यक्षात उतरायला जवळजवळ तीन दशके गेली. १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रे निर्माण झाली आणि साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख हे पद आले. जिल्ह्याच्या पातळीवर त्याच्या पाठीशी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे बोलीभाषेतील 'डायट', उभी राहायची होती; सोलापूर जिल्ह्याची ही संस्था माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे आहे. केंद्रप्रमुखाने महिन्याला केंद्रातील शिक्षकांचे गटसंमेलन घ्यायचे, त्यात आदर्श पाठ व्हायचा, अडचणींवर चर्चा व्हायची, अशी योजना होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम राज्यातील निवडक जिल्ह्यांपुरता होता आणि सोलापूर त्यांत नव्हते. त्यामुळे नव्वदच्या दशकात येथील शिक्षकांच्या वाट्याला मुख्यतः 'स्मार्ट पीटी' हे राज्यव्यापी प्रशिक्षण आणि ही गटसंमेलनेच आली. सर्व शिक्षा अभियानात २००१ नंतर प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम किरकोळ होती. तरीही कार्डशीट, स्केचपेन, काजूबिया, मणी आणि दोरा यांची खरेदी शिक्षकाने स्वतःच्या निर्णयाने करावी, अशी मुभा सरकारी प्राथमिक शाळेत बहुधा प्रथमच मिळाली. आणि ज्या शाळेत मुख्याध्यापकाने हे पैसे एकत्र करून एकाच दुकानातून छापील तक्ते आणले, तेथे ती मुभाही संपली.

केंद्रप्रमुखाच्या भेटीचा दिवस जवळून पाहिला, म्हणजे ही योजना कुठे अडते ते कळते. तो मोटारसायकलवरून परिपाठाच्या वेळी पोहोचतो. पट किती, हजर किती, शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा साठा किती, स्वच्छतागृहात पाणी आहे का, ऑनलाइन माहिती भरली का, शिष्यवृत्तीचे अर्ज गेले का, याची विचारपूस होते. शिक्षकाची टाचणवही, म्हणजे पाठाची आगाऊ तयारी लिहिण्याची वही, तो चाळतो आणि तारखेखाली सही करतो. मुलांना एखादा पाढा विचारतो, खिचडीची चव घेतो. मग शेरेबही उघडली जाते आणि तीत पट, हजेरी, आहार, परिसर आणि शेवटी 'प्रगती समाधानकारक' एवढे लिहिले जाते. शिक्षकाने तिसरी-चौथीची मुले एकत्र बसवून गटात गणित घेतले असेल तर ते पाहायला तासभर बसावे लागते, आणि त्या दिवशी त्याला अजून दोन शाळा आटोपायच्या असतात. केंद्रप्रमुख कामचुकार असतो असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडून जी माहिती वर मागितली जाते ती सारी शाळेभोवतालची असते, वर्गाच्या आतली फारशी नसते. दिपोटीच्या तक्त्याला शंभर वर्षांनी मिळालेले हे नवे रूप आहे.

ही चौकट मोडता येते हे शेजारच्या सातारा जिल्ह्याने दाखवून दिले. तेथील कुमठे बीटमध्ये, बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे सोपवलेला काही केंद्रांचा टापू, प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास सुमारे चाळीस शाळांतील शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू केले. मूल ज्ञान नुसते घेत नाही, तर अनुभवांची जुळणी करून स्वतः रचते, ही त्यामागची धारणा. अधिकाऱ्याने स्वतः मुलांसमोर बसणे, शिक्षकांशी वारंवार चर्चा करणे, एकाच्या वर्गातील चांगली गोष्ट दुसऱ्याला दाखवणे आणि चुकलेल्या प्रयोगाबद्दल नोटीस न देणे, ही त्या कामाची रीत होती. २२ जून २०१५ रोजी राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासननिर्णय काढला, शिक्षकांना प्रशिक्षण त्यांच्या मागणीनुसार द्यावे असे धोरण आले आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या. सोलापूरसह सर्व जिल्ह्यांत मग वर्गांच्या फरशा रंगल्या, अंकांचे आणि मुळाक्षरांचे तळफळे, म्हणजे जमिनीवर रंगवलेले फळे, उमटले. रंग एका आठवड्यात देता येत होता. त्यामागची दोन-तीन वर्षांची चर्चा मात्र गाडीत घालून आणता येत नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणी फरशी तेवढी ज्ञानरचनावादी झाली.

परितेवाडीची हकीकत या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. डिसले २००९ मध्ये तेथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार, असे तिचे वर्णन पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीत होते. मुलींची हजेरी कमी होती आणि लहान वयात लग्ने होत होती. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतील धड्यांना क्यूआर कोड जोडले. कोड म्हणजे चौकटीत छापलेला काळा-पांढरा ठिपक्यांचा ठसा, जो मोबाइलने टिपताच त्याला जोडलेली कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते किंवा स्वाध्याय उघडतो. घरात पालकाचा मोबाइल आणि शाळेतले पुस्तक यांच्यामध्ये या ठशाने एक दुवा तयार केला. येथवरची गोष्ट एका हुशार शिक्षकाची आहे. ती राज्याची झाली ती पुढच्या टप्प्यावर, जेव्हा प्रस्ताव वरपर्यंत गेला, त्याची पडताळणी झाली आणि २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी केंद्राच्या पाठ्यपुस्तकांतही ते येणार असल्याची घोषणा झाली. वस्तीवरच्या शाळेतील उपाय पाठ्यपुस्तक मंडळाच्या छापखान्यापर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या कित्येक टेबलांवर 'पुढे पाठवावे' असा शेरा पडावा लागतो. ते शेरे लिहिणाऱ्यांची नावे कुठल्याही बातमीत आली नाहीत.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनने युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा हा १० लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर केला आणि डिसले यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटण्याचे त्याच वेळी सांगितले. गौरव मोठा झाला. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच, २०२२ च्या आरंभी, अमेरिकेतील फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी मागितलेली रजा आणि आधीच्या प्रतिनियुक्तीच्या काळातील हजेरी यांवरून वाद जाहीर झाला. राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर रजा मंजूर झाली आणि जुलै २०२२ मध्ये डिसले यांनी सेवेचा राजीनामा दिल्याच्या बातम्या आल्या. या वादात कोणाची बाजू किती बरोबर, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की शाळेबाहेर जाऊन इतरांना शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या प्राथमिक शिक्षकासाठी सेवानियमांत सरळ रस्ता नव्हता. प्रतिनियुक्ती, रजा आणि हजेरीपत्रक ही तीनच दारे होती आणि नव्या प्रकारचे काम त्यांतल्या कुठल्याच दारातून नीट आत येत नव्हते.

पुरस्काराच्याच वर्षी, २०२० मध्ये, सोलापूर शहरात घडलेला दुसरा प्रयोग पुरस्काराच्या गजरात मागे पडला, पण शाळेच्या नेतृत्वाचा विचार करता तो अधिक बोधक आहे. नीलमनगर हा यंत्रमाग कामगारांच्या वस्तीचा भाग. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, ऑनलाइन वर्ग सुरू झाले, पण येथील बहुतेक घरांत स्मार्टफोन नव्हता, असला तर तो वडिलांबरोबर कारखान्यात जाई. तेथील आशा मराठी विद्यालय आणि धर्मण्णा सादूल प्रशाला या शाळांनी वस्तीतील घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. इयत्तेनुसार मुळाक्षरे, शब्द, व्याकरण, गणिती सूत्रे, सामान्यज्ञान अशा मजकुराने सुमारे अडीचशे ते तीनशे भिंती भरल्या आणि मुले अंतर राखून, वही घेऊन, गल्लीत उभी राहून अभ्यास करू लागली. कल्पना एका शिक्षकाची होती. ती अमलात येण्यासाठी मात्र घरमालकांची संमती, रंगाचा खर्च, कोणत्या गल्लीत कोणत्या इयत्तेचा मजकूर याची आखणी, सहकाऱ्यांच्या पाळ्या आणि सुमारे १,७०० विद्यार्थ्यांच्या पालकांना निरोप, इतके सारे लागत होते, आणि हे काम शाळेने आपले मानल्याखेरीज होणारे नव्हते. मुख्याध्यापिकाही वृत्तसंस्थांशी शाळेच्या वतीने या उपक्रमाविषयी बोलल्या. शिक्षकाची कल्पना शाळेची जबाबदारी होणे म्हणजे काय, याचे इतके उघड्यावरचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. येथे कोणा वरिष्ठाच्या परवानगीची वाट पाहण्याइतकी सवड नव्हती, हीही गोष्ट प्रयोगाच्या पथ्यावर पडली असावी.

परितेवाडी आणि नीलमनगर शेजारी ठेवले, म्हणजे एक भेद दिसतो. नीलमनगरच्या शाळांना प्रमुख होता आणि सहकाऱ्यांचा ताफाही होता. वस्तीवरच्या लहान शाळेला यांपैकी बहुतेक वेळा काहीच नसते. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक विद्यार्थी असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक अनुज्ञेय ठरतो. त्यामुळे जिल्ह्यातील लहान शाळांत दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षकाकडेच 'प्रभारी' म्हणून मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. तो स्वतः दोन-तीन इयत्ता सांभाळतो, आहाराचा हिशेब ठेवतो, मतदारयादीचे काम करतो; मग सहकाऱ्याचा वर्ग पाहायला त्याला सवड कोठून मिळणार? अशा शाळेत नवे करणाऱ्या शिक्षकाचा खरा वरिष्ठ केंद्रप्रमुखच असतो, आणि म्हणून त्या पदाचे बरेवाईट होणे या जिल्ह्यातील शेकडो वर्गांवर परिणाम करते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली, ती बव्हंशी कोठारी आयोगाचीच आहे. शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनीही वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, हा भाग मात्र नवा आहे.

जुन्या शेरेबह्या आज अनेक शाळांच्या लोखंडी कपाटांत तळाशी पडून आहेत आणि इमारत पाडताना त्या रद्दीत जातात. वेळापूरच्या संस्थेने किंवा एखाद्या अध्यापक महाविद्यालयाने त्या गोळा केल्या, तर दिपोटीपासून केंद्रप्रमुखापर्यंतच्या अभिप्रायांचा प्रत्यक्ष अभ्यास करता येईल आणि या निबंधातील काही विधाने दुरुस्तही करता येतील. अलीकडच्या काळाची नोंद मात्र त्यांच्यावाचूनही करता येते: राज्यातील केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिक्त राहिली, एकेका केंद्रप्रमुखाकडे शेजारच्या केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आला, आणि त्यांतील २,३८४ पदे विभागीय परीक्षेने भरण्याची २०२३ मधील जाहिरात निघाल्यावर ती परीक्षा पुढे ढकलण्यात आली.